पाण्याखालचा कट्टा

ते साल सत्याऐंशीचं. नव्या वसाहतीतलं तळं खोदून दीड वर्ष झालं होतं, आणि त्यात दोन जीव गेल्याला सात महिने. घरातले सगळे ज्याला पुढे आयुष्यभर नुसतं ‘तो रविवार’ म्हणत आले, तो त्याच सालच्या नोव्हेंबरातला.

तळं म्हणजे काही नैसर्गिक तळं नव्हे. वसाहतीच्या छपरांवरून आणि रस्त्यांवरून वाहून येणारं पावसाचं पाणी एकदम नाल्यात जाऊ नये, म्हणून खणलेला मोठा खड्डा. त्याला आतून काळ्या जाड प्लास्टिकचं अस्तर, वर हिरवळ, बाजूला बाकडी. लांबून पाहिलं तर चित्रासारखं दिसे. त्याचा नकाशा या घरातून गेला होता. घर म्हणजे खाली कचेरी आणि वर बिऱ्हाड. अण्णांनी चाळीस वर्षांपूर्वी पाटी लावली, थोरल्या मुलानं, म्हणजे दादानं, परवाना काढला, ताई नकाशे काढी, धाकटा भाऊ जागेवर जाऊन मोजणी करी. आणि मोठी सून, जिला घरात आणि गल्लीत सगळे वहिनीच म्हणत, ती वाची.

वाची म्हणजे काय, ते आता कोणाला सांगूनही खरं वाटायचं नाही. अण्णांचा दंडक होता की आकडा डोळ्यांनी तपासायचा नाही, कानांनी तपासायचा. डोळा लबाड, ते म्हणत, त्याला जे पाहायचं असतं तेच तो पाहतो. म्हणून कुठलाही नकाशा घराबाहेर पडण्यापूर्वी टेबलाच्या एका बाजूला वहिनी नकाशा घेऊन बसे आणि दुसऱ्या बाजूला ताई गणिताचा ताव घेऊन. वहिनी मोठ्यानं आकडा वाची, ताई ‘हं’ म्हणे, आणि दोघी आपापल्या कागदावर लाल पेन्सिलीची खूण करीत. बावीस वर्षं. वर भात शिजत असो, पाहुणे असोत, कोणी तापानं फणफणलेलं असो, खालून ते ‘हं... हं...’ ऐकू येई आणि घर चालू आहे असं वाटे.

त्या तळ्याच्या नकाशावरही दोन्ही बाजूंनी लाल खुणा होत्या. एकही सुटलेली नव्हती. गुरुवारी दुपारी, चौकशीसाठी कागद काढून ठेवताना, वहिनीनं नकाशा आणि ताव शेजारी शेजारी ठेवले, सहज म्हणून ओठांतल्या ओठांत दोन आकडे वाचले, मग तेच पुन्हा वाचले. तिनं दोन्ही कागद गुंडाळून परत कपाटात ठेवले.

रविवारी अकराला सगळे खाली जमले. सोमवारी नगरपालिकेच्या चौकशी समितीपुढे निवेदन द्यायचं होतं. अण्णा खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. दादा उभा, हात पाठीशी. भाऊचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लेखणी त्याच्याकडे. ताई खिडकीशी, कोणाकडे न बघता.

“लिही,” दादा म्हणाला, “सदर तळ्याच्या बाबतीत कायद्याचं कोणतंही बंधन नसताना, आम्ही माणसांच्या सुरक्षिततेसाठी काठालगत पाण्याखाली कट्टा दिला होता.”

“स्वखुशीनं घालू का? स्वखुशीनं दिला होता.”

“स्वखुशीनं नको,” अण्णा म्हणाले. “मृत्युपत्रात लिहितात तसं वाटतं.”

भाऊ हसला. दादालाही हसू आलं. वहिनीला नाही आलं.

तो कट्टा ही अण्णांची स्वतःची युक्ती होती. कायदा फक्त तळ्यात पाणी किती मावलं पाहिजे एवढंच विचारी. माणूस पडला तर काय, हे कोणत्याच कलमात नव्हतं. पण अण्णा तरुणपणी एका खाणीच्या डबक्यात पडता पडता वाचले होते. तेव्हापासून ते प्रत्येक तळ्याच्या काठाला, पाण्याखाली गुडघाभर खोलीवर, चांगला रुंद सपाट कट्टा काढायला लावत. पाय घसरलाच तर माणूस गुडघाभर पाण्यात उभा राहील, शिव्या देईल आणि चालत बाहेर येईल. “शिव्या देता आल्या पाहिजेत,” ते म्हणत, “म्हणजे नकाशा बरोबर.”

“कट्ट्याची रुंदी टाक त्यात,” अण्णा म्हणाले. “आकड्याशिवायचं वाक्य म्हणजे बिनदोरीची बादली. वाचा सूनबाई.”

वहिनी जागची हलली नाही.

“अगं वाच ना,” दादा म्हणाला. “सगळे थांबलेत.”

तिनं नकाशा पसरला. ताईनं ताव घेतला आणि सवयीनं लाल पेन्सिलही घेतली. तळ्याच्या नकाशाचा कट्टा आता पहिल्यांदाच आवाजात उच्चारला जाणार होता, हे त्या खोलीत एकट्या वहिनीच्या ध्यानात होतं.

“कट्ट्याची खोली, पाण्याच्या पातळीपासून, शून्य पूर्णांक चार.”

“हं.”

“कट्ट्याची रुंदी, शून्य पूर्णांक तीन.”

‘हं’ आलं नाही. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“परत वाच,” ताई म्हणाली.

“शून्य पूर्णांक तीन.”

“माझ्याकडे तीन पूर्णांक शून्य आहे.”

भाऊनं झटकन मोजपट्टी उचलली आणि नकाशावर लावली. “रेघ बरोबर आहे! बघा ना, तीन मीटरचीच काढलीय ताईनं. आकडा चुकला असेल, पण चित्र बरोबर आहे.”

दादानं नकाशाच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे चाळीस वर्षं प्रत्येक नकाशावर उठवला जाणारा शिक्का होता: नकाशावर माप लावू नये, लिहिलेला आकडाच खरा मानावा. वाक्य अण्णांचं.

खोदाई करणाऱ्यानं ते तंतोतंत मानलं होतं. तीन मीटरच्या जागी फूटभर. एवढ्या कट्ट्यावर कोंबडीसुद्धा धड उभी राहिली नसती, आणि त्यावर ते बुळबुळीत प्लास्टिक.

“हे अक्षर माझं आहे,” ताई म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, भाजी संपली सांगावं तसा.

“आणि ही खूण माझी,” वहिनी म्हणाली.

“पण तुम्ही वाचलं कसं नाही?” भाऊ म्हणाला. “वाचलं असतं तर तिथल्या तिथे कळलं असतं. हे कानातून सुटणं शक्यच नाही!”

दादानं नकाशावरची तारीख पाहिली. मग बायकोकडे, मग बहिणीकडे. “त्या दिवसांत तुम्ही दोघी बोलत नव्हतात.”

सतरा दिवस. आईंना, म्हणजे सासूबाईंना, जाऊन महिना झाला होता आणि वहिनीनं त्यांचं शिवणयंत्र कोणाला न विचारता देऊन टाकलं होतं. ताईनं रिकामा कोपरा पाहिला आणि अबोला धरला. काम थांबवता येत नव्हतं. मग दोघी टेबलाच्या दोन बाजूंना बसून मनातल्या मनात वाचीत, आपापल्या खुणा करीत, आणि कागद ढकलीत. तीन, शून्य आणि टिंब दोन्ही कागदांवर होतेच. डोळ्यांना तेवढं पुरलं.

“एका शिवणयंत्रापायी,” दादा म्हणाला.

“आईचं यंत्र होतं ते,” ताई उसळली. “माझे सगळे फ्रॉक त्याच्यावर शिवलेले. आणि हिनं ते परस्पर त्या नर्सला देऊन टाकलं!”

“आईंनीच सांगितलं होतं द्यायला. शेवटच्या आठवड्यात. तिनं माझी घाण काढली, म्हणाल्या, तिला माझं यंत्र दे.”

ताईचं तोंड उघडंच राहिलं. “मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही तर जिन्यातूनच म्हणालात, परक्या घरची ती परक्या घरचीच. मग म्हटलं, राहू दे. परक्या घरच्या माणसानं कशाला तोंड उघडायचं?”

असं दोघींनी आपापला मान सांभाळला होता. त्या मानाला किती किंमत पडली, ते टेबलावर उघडं पडलेलं होतं.

दादा दाराशी गेला, बाहेर डोकावला, दार लोटून परत आला. “हा गणिताचा ताव घराबाहेर कोणी पाहिलाय?”

“नाही.”

“मग हा विषय इथे संपला. नगरपालिकेकडे नकाशाची प्रत आहे, तिच्यात कट्टा आहे. आम्ही कट्टा दिला होता, हे वाक्य शब्दशः खरं आहे.”

वहिनीनं अण्णांकडे पाहिलं. आता हा म्हातारा काठी आपटेल, असं तिला वाटलं. एका शून्यासाठी त्यांनी एकदा रात्रभर तयार केलेला नकाशा फाडला होता. लग्न होऊन आली तेव्हापासून ती या माणसाला मनातून भीत आली होती आणि मानत आली होती.

“कायद्यात कट्ट्याचा उल्लेख आहे का?” अण्णांनी विचारलं.

“कुठेच नाही,” दादा म्हणाला.

“मग आपण काही मोडलेलं नाही.” ते शालीची दशी ओढत राहिले. “पाटीवर माझं नाव आहे.”

वहिनीच्या आत काहीतरी खचकन तुटलं. पण तिनं नकाशा गुंडाळला नाही.

“अण्णा, समितीतले ते इंजिनियर काय म्हणतात ते वाचलंत ना पेपरात? कट्टा असूनही दोघं गेले, म्हणजे कट्ट्याचा उपयोग नाही, उंच कुंपण घाला म्हणजे झालं. नव्या कायद्यात कट्टा येणारच नाही. पुढच्या तीन वर्षांत अशी अकरा तळी खणायची आहेत. सगळी सरळ उताराची, आतून प्लास्टिक लावलेली. आपण गप्प बसलो तर आपली चूक कायदा होऊन बसेल.”

“कुंपण घालतायत ना?” भाऊ म्हणाला. “मग कोणी पडणारच नाही.”

“दोघांतला तो माळी कुंपण असतं तरी आतच काम करत असता, भाऊजी. त्या पोरीची टोपी पाण्यात उडाली, ती टोपीमागे गेली, तो तिच्यामागे. त्याला पोहता येत होतं.”

“पेपरात तर आलं होतं की येत नव्हतं.”

“त्याचा बाप होडी चालवायचा. पोहायला तो चालण्याआधी शिकला. त्याच्या बायकोनं सांगितलं मला, परवा जाऊन आले मी. पोरीला खांद्यावर धरून तो काठाकाठानं फिरला. पाय ठेवायला कुठे जागाच मिळाली नाही.” ती नवऱ्याकडे वळली. “पोहणारा माणूस होता, अहो. दमून गेला.”

मग भाऊनं लेखणीचं टोपण लावलं. आयुष्यभर दादाच्या उलट बोलणारा तो मुलगा. दादानं पूर्व म्हटलं की हा पश्चिम म्हणायचा. वहिनीला त्याच्यावर भरवसा होता.

“वहिनी, माझ्या परवान्याचा अर्ज पुढच्या महिन्यात निघतोय,” तो खाली मान घालून म्हणाला. “दादाचं बरोबर आहे.”

“उद्या निवेदन मी देणार,” दादा म्हणाला. “सही माझी आहे. परवाना माझा जाणार आहे. तू बोलून काय मिळवणार आहेस?”

“सही तुमची. खूण माझी आहे.”

“आता पुरे,” ताई खिडकीपासून म्हणाली.

हे कोणाला उद्देशून होतं, ते तेव्हा कोणालाच कळलं नाही.

दुपारी कोणी नीट जेवलं नाही. संध्याकाळी दादा एकटाच खाली जाऊन बसला. वर आल्यावर त्यानं बायकोला विचारलं, “त्या माळ्याला मुलं किती?”

“दोन मुली.”

तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

सोमवारी सकाळी दादा आधी निघून गेला. वहिनी कचेरीत उतरली, कपाट फोडावं लागलं तर म्हणून तिनं पेचकससुद्धा घेतला होता. पण किल्ली कपाटाला तशीच लावलेली होती. दादा किल्ली विसरणाऱ्यातला नव्हता. बावीस वर्षांत एकदाही विसरला नव्हता. ती क्षणभर त्या किल्लीकडे पाहत राहिली. मग कागद काढून बाहेर आली, तर फाटकाशी ताई, पायात बाहेर जायचे बूट.

“तू बोलशील की मी?” ताईनं विचारलं.

“खूण माझी...”

“अक्षर आधी, खूण नंतर. चल, बस चुकेल.”

समितीची खोली लांबट होती. वर पंखा, टेबलावर हिरवं कापड, पाण्याचा जग. अध्यक्षबाई निवृत्त न्यायाधीश, चष्म्यावरून पाहणाऱ्या. मागच्या बाकावर माळ्याची बायको, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर त्या नऊ वर्षांच्या पोरीचे आईवडील. दोघं एकमेकांकडे न बघता बसले होते. दादा उभा राहून वाचत होता. “...कायद्याचं कोणतंही बंधन नसताना...” तेवढ्यात दार वाजलं. त्यानं वर पाहिलं. दारात बायको, तिच्या काखेत गुंडाळी, शेजारी बहीण.

“पुढे वाचा,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

दादानं कागदाची घडी केली. एकदा, दोनदा, आणखी एकदा, घडी होईना तोवर. “पुढचं,” तो म्हणाला, “माझी बहीण आणि बायको वाचतील.”

त्यांनी वाचलं. फार वेळ लागला नाही. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढाच वेळ लागावा, याचं वहिनीला मागाहून नवल वाटत राहिलं. माळ्याला पोहता येत होतं हे वहिनीनं सांगितलं, अबोल्याचंही ताईनं सांगितलं. कोणीतरी हसेल असं वाटलं होतं, कोणी हसलं नाही.

“म्हणजे,” ते इंजिनियर गृहस्थ पुढे झुकले, “कट्टा तीन मीटरचा असता, तर तुमच्या मते काय झालं असतं?”

“पोरीला घेऊन तो चार पावलं चालत बाहेर आला असता,” ताई म्हणाली.

पोरीच्या वडिलांनी उठून दार उघडलं आणि ते बाहेर गेले. दार त्यांनी अगदी हळू लावलं. तो आवाज वहिनीच्या कानात शेवटपर्यंत राहिला.

बाहेर व्हरांड्यात माळ्याची बायको तिची वाट बघत उभी होती.

“सात महिने लोक मला विचारतात,” ती म्हणाली, “पोहता येत नव्हतं तर उडी कशाला मारली तुझ्या नवऱ्यानं. आज ते बंद होईल. तेवढं झालं.” मग ती जवळ आली. “शुक्रवारी तुम्ही माझ्या घरी आलात. माझ्या पोरीनं तुम्हाला पाणी दिलं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?”

वहिनीला खोटं बोलता आलं असतं. “हो,” ती म्हणाली.

“मग द्यायला नको होतं,” माळ्याची बायको म्हणाली, आणि जिना उतरून गेली.

नियम पुढच्या वर्षी झाला. पावसाचं पाणी अडवणाऱ्या प्रत्येक तळ्याला पाण्याखाली गुडघाभर खोलीवर किमान तीन मीटरचा कट्टा, रुंदी आकड्यात आणि अक्षरात, दोन्हींत लिहिलेली. प्लास्टिकच्या अस्तरावर धरायला दोर. आणि कुंपण असलं तरी यातलं काहीही वगळायचं नाही. ती अकरा तळी तशीच खणली गेली, आणि ते जुनं तळंही उपसून नव्यानं कापलं.

दादाचा परवाना गेला. तो एका रंगाच्या दुकानात नोकरीला लागला आणि तिथेच निवृत्त झाला. बायकोला त्यानं कधी एका शब्दानं दोष दिला नाही. पण कपाटाच्या किल्लीविषयी तिनं दोनदा विचारलं, तेव्हा दोन्ही वेळा ‘विसरलो असेन’ म्हणाला. अण्णांनी पाटी स्वतः उतरवली, कोणाला हात लावू दिला नाही. सुनेशी ते बोलत, औषध मागत, पेपर मागत, पण वाचा म्हणाले नाहीत. दीड वर्षानं झोपेतच गेले. भाऊला परवाना दोन वर्षं उशिरा मिळाला, तोही दुसऱ्या गावी. तिथे त्यानं चांगलं नाव काढलं. पत्रं पाठवी. रविवारचं एका पत्रातही लिहिलं नाही. पोरीचे आईवडील गाव सोडून गेले, कुठे ते कळलं नाही. माळ्याच्या बायकोला नगरपालिकेनं नवऱ्याच्या जागी घेतलं. एकोणीस वर्षं तिनं त्या सगळ्या तळ्यांच्या काठचं गवत कापलं. वहिनी समोरून आली तर ती थांबून वाट देई, पण मान वर करीत नसे.

दादा गेल्यावर घर विकलं आणि नणंद-भावजय दोन खोल्यांत राहायला आल्या. भांडत. खिडकीवरून, मिठावरून, पंख्याच्या वेगावरून. दोघींनाही कमी ऐकू येऊ लागल्यावर ते भांडण तिसऱ्या मजल्यावर पोचे आणि शेजारी भिंत ठोकत. पण अबोला एका दिवसाचाही धरला नाही. चिडून ताई दार आपटून गेली, तरी जिन्यातून ओरडून सांगे की मी चिडून चाललेय.

ताई शहात्तर वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. फिरून येताना ती एका तळ्याच्या बाकड्यावर टेकली होती. समोर पाच-सहा वर्षांची एक मुलगी काठावरून घसरली आणि धपकन पाण्यात गेली. ताई उठेपर्यंत मुलगी उभी राहिलेली होती, गुडघाभर पाण्यात, आणि एक चप्पल गेली म्हणून भोकाड पसरून रडत होती. आई धावत आली, पाण्यातून तिला ओढून काढली, पाठीत एक धपाटा घातला, आणि दोघी चिखलाचे ओले पाय उमटवत निघून गेल्या. बाकीच्यांनी तर वळूनसुद्धा पाहिलं नाही.

ताई जमेल तितक्या घाईनं घरी आली. वहिनीला आता फारसं उठवत नसे. ती दुपारची झोपली होती. ताईनं तिला हलवून जागं केलं आणि कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं, मोठ्यानं, पहिल्यापासून.

वहिनी डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं डोळे उघडले. मग तिनं विचारलं,

“चप्पल सापडली का तिची?”

“नाही गं,” ताई म्हणाली. “गेली.”